मंडईतला डफ

भाऊबीज आटोपली की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस लागतात. आज या गावची मंडई, उद्या शेजारच्या गावची. लेकी माहेरी येतात, पाहुणे जमतात, सोयरिकीची बोलणी होतात. आमच्या मणियार घराचा हा कमाईचा हंगाम. कारध्याहून निघून वैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या गावांत आम्ही बांगड्यांचे दुकान मांडतो. मुलीची फी याच दिवसांत निघते.

मंडईची खरी ओढ असते खडी गंमतीची. शाहीर आणि वाजवणारे उभ्यानेच गातात-वाजवतात, म्हणून ती ‘खडी’. ढोलकी, डफ, चोनका, मंजिऱ्या एवढाच सरंजाम. बाईचे सोंग पुरुषच घेतो. सुरुवातीला गण होतो. ती त्यांची वंदना. तेवढ्या वेळात आम्ही बांगड्यांचे डबे लावून घेतो. पुढे गवळण, लावणी, हसवणूक. दोन पार्ट्या समोरासमोर असल्या तर सवाल-जवाब रंगतात आणि गिऱ्हाईकसुद्धा हातातली बांगडी तशीच धरून ऐकत राहते.

मागच्या मंडईत माझी नववीतली मुलगी मोबाइलवर आयर्लंडचा नाच बघत होती. १९९४ साली डब्लिनच्या युरोव्हिजन गाणे-स्पर्धेच्या मधल्या वेळात सात मिनिटांचा ‘रिव्हरडान्स’ झाला आणि तिथून तो नाच जगभर पोहोचला. हात अंगाशी सरळ, सगळी करामत पायांची. बुटांचाच ताल. त्यांच्या संगीतात बोरान नावाचे वाद्य असते. गोल लाकडी कडे, त्यावर बकऱ्याचे कातडे. मुलगी म्हणाली, “अम्मी, हा तर आपल्या मंडईतला डफ!”

तेवढ्यात गंमतीतले डफवाले चाचा आमच्या दुकानाशेजारी काड्या पेटवून डफ शेकत होते. थंडीत कातडे सैल पडते, शेकल्याशिवाय आवाज निघत नाही. मुलीने त्यांना मोबाइल दाखवला. त्यांनी निरखून पाहिले आणि मला म्हणाले, “भाभी, पोरीले समोर बसू द्या. मागून का समजते?”

मुलगी समोर बसली. घरी आल्यावर माझ्या जेठांनी नाराजी सांगितली. त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. निकाह आणि ईदच्या आनंदात दफ वाजवण्याची मुभा हदीसमध्ये आहे. इतर वाद्यांबद्दल उलेमांत मतभेद आहेत. गंमतीत कधी अचकट-विचकट बोलणेही येते, ते मलाही आवडत नाही. तशी वेळ आली की मी मुलीला दुकानावर बोलावून घेते.

पण ‘हे आपले नव्हे’ असे जेठ म्हणाले, तेव्हा मला बोलावे लागले. भाईजान, पेशवाईतले शाहीर सगनभाऊ मुसलमान होते, शिकलगारी करणारे. शाहीर अमर शेख हे बार्शीचे मेहबूब पटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजाने मैदाने भरली. कलगी-तुऱ्याची कथा सांगणारे सांगतात की तुरा तुकनगीर गोसाव्याचा आणि कलगी शाह अली फकिराची. दोघे सवाल-जवाबात भिडले आणि भांडण गाण्यातच राहिले. मग हे आपले कसे नव्हे?

जेठ काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “नमाज चुकू देऊ नका.” तेवढे पुरे होते.

आता माझी काळजी वेगळीच आहे. काही गावांत गंमतीऐवजी डीजे लागतो. तिथे पोरे नाचतात आणि बायका लांबूनच घरी वळतात. मग बांगड्या कोण भरणार? त्याहून मोठे नुकसान डफवाल्या चाचांचे. त्यांचा मुलगा नागपुरात कामाला आहे, त्याला डफ येत नाही. आयर्लंडच्या लोकांनी आपला गावचा नाच मुलांना शिकवत ठेवला, म्हणून तो जगाच्या रंगमंचावर उभा राहू शकला. आमची गंमत मंडईत उभी राहिली तरी पुष्कळ.

म्हणून मंडईवाले विचारायला येतात, तेव्हा आम्ही दुकानदार एकमुखाने सांगतो, गंमत ठेवा, वर्गणीत आमचाही वाटा धरा. ज्या गावाच्या गर्दीतून आपल्या घरात बरकत येते, त्या गावाच्या आनंदात चार पैसे घालणे हा त्या गावाचा आपल्यावरचा हकच आहे.