परतीची हमी

लक्झेंबर्ग देशाच्या आग्नेय टोकाला, मोझेल नदीच्या काठी, शेंगेन नावाचे एक लहानसे गाव आहे. मागे द्राक्षमळ्यांच्या उतरणी, समोर संथ नदी. पूल ओलांडला की जर्मनीचे पर्ल, आणि काठाकाठाने थोडे चालत गेले की फ्रान्सचे आपाश. तीन देश असे एका शिवारात बांधाला बांध लावून नांदताना पाहणे, हा आमच्यासारख्या सांगली जिल्ह्यातील खेड्यातून गेलेल्या माणसांना अपूर्व अनुभव होता. तासगावकडच्या द्राक्षमांडवांची सवय असलेले सौ.चे डोळे तेथील मांडव नसलेल्या, डोंगरउतारावर सरळ रांगांत उभ्या असलेल्या वेलींवरून हलत नव्हते.

१४ जून १९८५ रोजी याच गावाजवळ, नदीत उभ्या असलेल्या 'प्रिन्सेस मारी-आस्त्रिद' नावाच्या बोटीवर बेल्जियम, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स या पाच देशांनी एका करारावर सह्या केल्या. आपापसांतील सीमांवरची तपासणी हळूहळू काढून टाकायची, हा त्या कराराचा हेतू. मार्च १९९५ मध्ये तो प्रत्यक्ष व्यवहारात आला. आज या व्यवस्थेत २९ देश आहेत. स्वित्झर्लंड व नॉर्वे युरोपीय संघात नसूनही त्यात आहेत, आणि आयर्लंड संघात असूनही नाही. या गावाचे नाव आज जगभरातील पासपोर्टांवर चिकटवलेल्या व्हिसावर छापले जाते.

२०२५ च्या जूनमध्ये आम्ही उभयता त्या पुलावर उभे होतो. माझ्या अंतर्खिशात पासपोर्ट होता आणि माझा हात पुन्हा पुन्हा तिकडे जात होता. सौ. हसून म्हणाली, "अहो, आता कोण विचारतंय?" विचारणारे अगदीच नव्हते असे नाही, सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सर्व भूसीमांवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली होती. परंतु माझा हात खिशाकडे जात होता त्याचे कारण निराळे होते. त्या कागदाने आम्हाला एकदा नाकारले होते, आणि तो दोष सर्वस्वी आमचा होता. ती हकिकत वाचकांपुढे ठेवावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमची कन्या व जावई बेल्जियममधील अँटवर्प येथे नोकरीनिमित्त राहतात. २०२४ च्या दिवाळीत तिचा फोन आला, "बाबा, जानेवारीत तुम्ही दोघं इथं हवेत." पहिलटकरणीचे बाळंतपण, आणि आई जवळ नाही, ही कल्पनाच सौ.ला सहन होईना. परदेशगमनाचा आम्हा दोघांचाही पहिलाच प्रसंग. मी निवृत्त शिक्षक. कागदपत्रांची भीती मला कधी वाटली नव्हती. तरीही एका ओळखीच्या गृहस्थांनी सुचवलेल्या मध्यस्थाकडे गेलो, आणि तेथेच चुकलो.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, "लेकीकडे राहणार असं लिहू नका. बाळंतपणाला जाणारी आई परत येणार नाही, अशी त्यांना शंका येते. पर्यटक म्हणून जा, हॉटेलचं आरक्षण मी करून देतो." दुसरी, "खात्यात शिल्लक कमी दिसते. कुणाकडून तरी चार लाख आठवडाभर आणून ठेवा." माझ्या धाकट्या बंधूंनी विनातक्रार पैसे दिले. ज्या वर्गात मी तीस वर्षे सत्य बोलण्याचे पाठ दिले, तेथे बसणाऱ्या मुलांचे चेहरे तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आले नाहीत, हे येथे कबूल करतो.

नोव्हेंबरमध्ये मुंबईला जाऊन अर्ज दिला. तेथे प्रत्येकाचे छायाचित्र आणि दहाही बोटांचे ठसे घेतात. सौ.चे ठसे काही केल्या उमटेनात. जन्मभर शेतात, चुलीशी, जात्याशी घालवलेली बोटे; त्यांवरच्या रेषाच झिजून गेलेल्या. तेथील मुलीने तिचे हात हळुवारपणे पुसले, पुन्हा काचेवर ठेवले, आणि चौथ्या वेळी यंत्राने ते ओळखले. त्या क्षणी मला वाटले, हिची बोटे इतके खरे सांगत आहेत, आणि मी दिलेला कागद काय सांगतो आहे?

सुमारे तीन आठवड्यांनी पासपोर्ट परत आले. सोबत नकाराचा छापील नमुना. त्यात कारणांची यादी असते आणि लागू पडेल त्यापुढे खूण केलेली असते. आमच्या कागदावर दोन खुणा होत्या. प्रवासाचा हेतू व मुक्कामाची व्यवस्था यांविषयी दिलेली माहिती विश्वासार्ह नाही, ही एक. आणि मुदत संपण्यापूर्वी आपण परत जाल याविषयी रास्त शंका आहे, ही दुसरी. भरलेले शुल्क, प्रत्येकी ९० युरो, परत मिळत नाही. अपिलाची वाट खुली होती. परंतु कशाविरुद्ध अपील करणार? त्यांनी लिहिलेली पहिली गोष्ट तर खरीच होती.

जानेवारीत नात जन्मली. सौ.ने तिला प्रथम पाहिले ते मोबाइलच्या काचेवर. त्या रात्री ती मला एक शब्दही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बस्तीतून परत आल्यावर एवढेच म्हणाली, "आता जे आहे तेच लिहा. नाही मिळालं तर नाही जायचं."

मार्चमध्ये दुसरा अर्ज केला, मध्यस्थाविना. नियम नीट वाचले. ते वाटतात तितके गूढ नाहीत, म्हणून ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अल्पमुदतीच्या या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. पोहोचण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस त्यात मोजतात. ज्या देशात मुक्काम अधिक, त्याच देशाकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज देता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. निर्णयाला सामान्यतः पंधरा दिवस लागतात, ते पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतात. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या दिवसानंतर तीन महिने चालणारा व दोन पाने कोरी असलेला हवा. प्रवास-वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. व्हिसा मिळाल्यावर त्यावरील वैधतेच्या तारखा आणि मुक्कामाचे दिवस हे दोन रकाने वेगवेगळे वाचावेत; अनेकांची फसगत तेथे होते. एकदा दिलेले ठसे पुढील ५९ महिन्यांत केलेल्या अर्जांना सामान्यतः चालतात, त्यामुळे सौ.च्या बोटांची पुन्हा परीक्षा झाली नाही.

जावईबापूंनी तेथील नगरपालिकेतून प्रमाणित केलेले हमीपत्र पाठवले. बेल्जियममध्ये नातलगांचा खर्च उचलणाऱ्याने द्यावयाचा हा विहित नमुना आहे. त्यासोबत त्यांच्या पगाराचे कागद आणि नातीचा जन्मदाखला. इकडून मी निवृत्तिवेतनाचा आदेश, बँकेचे खातेउतारे जसे होते तसे, सातबाराचे इंग्रजी भाषांतर आणि एक पत्र जोडले. पत्रात लिहिले की, मागील अर्जात आम्ही राहण्याचे ठिकाण खरे दिले नव्हते, त्याबद्दल खेद आहे. आम्हाला नातीला पाहावयाचे आहे. ४० दिवस राहू आणि परत येऊ.

का परत येऊ, हे लिहायला बसलो तेव्हा मात्र पेन थांबले. या व्हिसाचा खरा प्रश्न 'तुम्ही का जाता' हा नसून 'तुम्ही का परताल' हा आहे. मी यादी करू लागलो. पाऊण एकर हळद, जूनअखेर लावणी. पंच्याऐंशी वर्षांच्या मातोश्री, ज्यांना दोन्ही वेळा सूर्यास्तापूर्वी जेवू घालणे हे सौ.चे व्रत, ते चाळीस दिवस धाकट्या जावेकडे सोपवलेले. यातील निम्म्या गोष्टींना सरकारी कागद नव्हता. तरीही त्या लिहिल्या. आयुष्यात प्रथमच आपल्याला घराशी काय बांधून ठेवते, याचा हिशेब मी कागदावर मांडला. एका परक्या देशाच्या अधिकाऱ्याने तो मागितला नसता, तर मी तो कधीच मांडला नसता.

सौ.ला पत्र वाचून दाखवले. ती म्हणाली, "इतके दिवस, इतकाच प्रदेश, त्यापुढे पाऊल नाही. आपल्याकडे हे देशव्रत आहेच की. फरक एवढाच, तिथं आपण आपल्याला बांधून घेतो, इथं दुसरा बांधतो." मी निरुत्तर झालो.

एप्रिलमध्ये व्हिसा आला. मुक्कामाचे दिवस ४५.

मे महिन्याच्या मध्यास आम्ही निघालो. दुधाचे पदार्थ प्रवासी सामानातून युरोपीय संघात नेता येत नाहीत, हे ऐनवेळी कळले. तुपात वळलेले डिंकाचे लाडू सांगलीतच राहिले. सौ.ने तेथील लोणी कढवून तूप केले आणि लाडू अँटवर्पमध्ये वळले. मध्यवर्ती रेल्वेस्थानकाच्या भव्य घुमटाखालून बाहेर पडले की लगतच हिऱ्यांचा बाजार लागतो; तेथे पालनपूरकडील जैन व्यापाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या स्थिरावल्या आहेत. त्यांच्या समाजाने उपनगरातील विलरेक येथे पांढऱ्या संगमरवराचे मंदिर उभारले आहे. परंपरा आमच्याहून थोडी वेगळी. परंतु पार्श्वनाथ भगवंतांपुढे हात जोडताना ती जाणवली नाही. पाच महिन्यांच्या नातीला घेऊन सौ. तेथे बसली, तेव्हा तिच्या त्या झिजलेल्या बोटांपैकी एक नातीने घट्ट धरून ठेवले होते. यंत्राला चार वेळा लागलेली ओळख तिला एका क्षणात पटली.

शेंगेनला जाण्याचा हट्ट माझा. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून सार्वजनिक वाहतूक विनामूल्य आहे, त्यामुळे शहरातून गावापर्यंतच्या बसला तिकीट काढावे लागले नाही. पुलाच्या मध्यावर उभे राहून मी जावईबापूंना विचारले, "नेमकी सीमा कुठे आहे?" त्यांनी खाली वाहत्या पाण्याकडे बोट दाखवले.

चाळिसाव्या दिवशी विमानतळावर अधिकाऱ्याने पासपोर्ट चाळला, मनाशी दिवस मोजले आणि निर्गमनाचा शिक्का उमटवला. त्याच्या दृष्टीने ते रोजचे काम. मला मात्र वाटले, पहिल्या अर्जात मोडलेला शब्द आज पाळला गेला. घरी पोहोचलो तेव्हा पाऊस लागला होता. दिवस मावळायला अजून अवकाश होता. सौ.ने पिशवी ओसरीवर ठेवली, पाय धुतले, आणि मातोश्रींचे ताट वाढायला ती थेट आत गेली.