सांधे आखडतात तेव्हा

भिलाई हे पोलादाचे गाव. येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले, आणि तेव्हापासून या गावाची दिनचर्या कारखान्याच्या पाळ्यांशी बांधली गेली. अशा गावात अंग दुखले तर कारण शोधावे लागत नाही. कष्ट, नाहीतर वय! गुडघ्यांच्या बाबतीत ते बरेचदा खरेही असते; वर्षानुवर्षांच्या भाराने कूर्चा झिजते.

परंतु एखाद्या क्वार्टरमधील पस्तिशीची गृहिणी पहाटे उठते आणि तिला कणीक मळता येत नाही. दोन्ही हातांची बोटे मुळाशी सुजलेली असतात. तास-दीड तासाने हात सैल होतात. घरची माणसे म्हणतात, “वात आहे, जाईल.” तीही तसेच मानते. चूक होते ती येथेच. झिजेचे दुखणे श्रमाने वाढते, विश्रांतीने शमते; हे दुखणे मात्र रात्रभराच्या विश्रांतीनंतरच अधिक जाणवते.

‘संधिवात’ या एकाच शब्दात आपण दोन्ही दुखणी कोंबतो. जुने वैद्य अधिक काटेकोर होते. ‘माधवनिदान’ या ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. आजचे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड संधिवात म्हणतात, त्यात शरीराची रोगप्रतिकारक शक्ती सांध्याच्या आतील अस्तरावरच उलटते. अस्तर सुजून जाड होते, कूर्चा व हाड कुरतडू लागते. बोटे वाकडी होतात, ती पुन्हा पूर्ववत होत नाहीत. रक्त कमी होते, थकवा येतो. डोळे, फुप्फुसे आणि हृदय यांनाही झळ पोहोचते.

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये घरोघरी जाऊन पाहणी सुरू झाली. तीत दर हजार प्रौढांत सुमारे पाच जणांना हा आजार आढळला. आकडा लहान दिसतो. पण लाखभर प्रौढांच्या शहरात त्याचे पाचशे होतात. त्यांत स्त्रिया पुरुषांच्या दुपटी-तिपटीने असतात.

आजार मुळापासून जात नाही. मात्र पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाल्यास सांधे बहुधा वाचतात. नाव नसलेल्या पुड्यांनी सूज झटपट उतरते खरी, परंतु त्यांत अनेकदा स्टेरॉइड असते आणि आतली हानी चालूच राहते. नेहमी दिले जाणारे औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. गर्भारपणी ते चालत नाही, आणि रक्ताची तपासणी वेळोवेळी करावी लागते. म्हणून स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर ती गृहिणी दर रविवारभोवती पेन्सिलीने गोल काढून ठेवते. आखडलेल्या बोटांनी काढलेला तो गोल थोडा वेडावाकडा येतो.