तिसरी लाइन तिरकी आहे!

सकाळचे सहा पस्तीस. कंपनीची बस निगडीच्या चौकात सहा पन्नासला येते आणि बाबा बाथरूमच्या दारात उभे. धड आत नाही, धड बाहेर नाही. पाय फरशीला चिकटल्यासारखे. मागे मी, खांद्यावर टॉवेल, डोक्यात चाकणची फर्स्ट शिफ्ट. 'बाबा, चला ना, उशीर होतोय!'

असं म्हटलं की ते आणखीनच अडकतात. हे कळायला मला एक वर्ष लागलं, आणि कपाळावरचे चार टाके. माझ्या नाही, त्यांच्या. त्या दिवशी मी घाईघाईत त्यांचा हात धरून ओढला. अंग पुढे आलं, पाय तिथेच राहिले. टाके घालून झाल्यावर 'तुझी बस चुकली ना रे?' हेही त्यांनीच विचारलं.

बाबांना पार्किन्सन्स आहे. आपल्याला वाटतं, हा हात थरथरण्याचा आजार. बाबांचा हात फारसा थरथरत नाहीच. मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि चालणं, वळणं, तोल सावरणं ही एरवी आपोआप होणारी कामं आपोआप व्हायची थांबतात. दार आलं, अरुंद जागा आली, वळण आलं की पाय गोठतात. डॉक्टर त्याला 'फ्रीझिंग' म्हणतात. गंमत म्हणजे हेच बाबा जिना मात्र आरामात उतरायचे! खोटं कशाला बोलू, मला वाटायचं नाटक करतात.

मग एका रात्री मिलेहा सोनेजीचं भाषण पाहिलं. पुण्याची डिझायनर, भाषण 2015 मधलं, नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या टेडएक्सचं. तिच्या काकांचंही अगदी हेच. सपाट जमिनीवर अडखळणं, जिन्यावर मात्र काही नाही. मग तिने जमिनीवरच पायऱ्यांचा आभास होईल असं चित्र काढलं आणि काका त्यावरून चालायला लागले! पाऊल कुठे टाकायचं हे डोळ्यांना दिसलं की मेंदू बिघडलेला रस्ता सोडून दुसऱ्या रस्त्याने काम उरकतो. थोडक्यात, डायव्हर्शन. रोज तळवड्याच्या ट्रॅफिकमधून जाणाऱ्याला हे लगेच पटतं.

मला चित्र काढता येत नाही. पण रेषा? आमच्या शॉपफ्लोअरवर दुसरं आहे काय! पिवळ्या फ्लोअर मार्किंग टेपचा एक रोल आणला (विकत हं, कंपनीतून उचलला नाही). प्रत्येक पेशंटला हा उपाय लागू पडतोच असं नाही, म्हणून आधी फिजिओथेरपिस्टला विचारलं. मग पलंगापासून बाथरूमपर्यंत, बाबांच्या एकेका पावलाच्या अंतरावर आडव्या पट्ट्या. पायपुसणं हद्दपार.

बाकीचे नियम फिजिओथेरपिस्टनेच दिले. जागच्या जागी गर्रकन वळायचं नाही. कंटेनर वळतो तसा मोठा वळसा घ्यायचा. चालताना गप्पा नाहीत, हातात कप नाही. अडकलं तर थांबायचं, वजन या पायावरून त्या पायावर घ्यायचं, मग एक मोठं पाऊल. आणि ताल. पुण्यात हृषीकेश पवार पार्किन्सन्सच्या पेशंटना नाच शिकवतात, हे ऐकून बाबा लाजले होते. पण आकुर्डीला तुकोबांची पालखी मुक्कामी येते तेव्हा ऐकलेला टाळांचा ठेका त्यांना पाठ आहे. तो तोंडाने धरला की पाऊल उचलतं.

माझ्यासाठी नियम एकच: ओढायचं नाही. आता अलार्म पाच वाजता लावतो. बाबांची सकाळची गोळी लागू व्हायला वेळ मिळतो आणि माझी जीभही ताब्यात राहते.

पट्ट्या लावल्या त्या सकाळी बाबा पलंगापाशी उभे राहून खाली बघत राहिले. पिंपरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढलेला माणूस. मला वाटलं, झालं, अडकले.

'तिसरी लाइन तिरकी आहे,' ते म्हणाले. 'रीवर्क कर.'

आणि ती ओलांडून पुढे गेले.