आट-पाठ आणि शेवटची बस

कन्नडमध्ये ‘आट-पाठ’ असा एक सुंदर जोडशब्द आहे. आट म्हणजे खेळ, पाठ म्हणजे धडा. सुट्टीत घरी आलेल्या नातवाला आजी विचारते, “आट-पाठ ह्यांग नडदद?” खेळ आणि अभ्यास तिच्या तोंडून एका श्वासात येतात. आपल्या मराठी घरांत हाच प्रश्न बहुधा “खेळ की अभ्यास?” असा विचारला जातो. दोन्ही भाषा एकाच चुलीपाशी बोलणाऱ्या आपल्या भागात हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे, कारण महाविद्यालयात फुटबॉल खेळणाऱ्या मुलाचे वर्ष पुष्कळदा या एका ‘की’पाशीच अडते. गंमत म्हणजे चेंडू मात्र दोन्ही भाषांत चेंडूच आहे!

बिदरचे पठार जांभ्या दगडाचे, समुद्रसपाटीपासून सुमारे 2,300 फूट उंचीचे. इथल्या मैदानाची माती तांबडी. उन्हाळ्यात ती मोज्यांत, वहीच्या पानांत आणि आईच्या धुण्याच्या बादलीत उतरते. डोक्यावरून हवाई दलाची प्रशिक्षण विमाने गर्जत जातात, तेव्हा क्षणभर शिट्टीही ऐकू येत नाही. खाली “पास दे”, “कोडु, कोडु”, “पीछे देख” अशा तीन भाषांतल्या हाका चाललेल्या असतात. कोणी कोणत्या शाळेतून आला, हे त्या दीड तासात कोणी विचारत नाही.

भालकी तालुक्यातल्या एका गावाहून बिदरला शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस सांगतो. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण त्याच्यासारखे अनेक आहेत. हा बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि संघात मधल्या फळीत खेळतो. पहाटे तुरीच्या शेतांमधल्या रस्त्यावर तो अर्धा तास पळतो. म्हशीची धार काढून होईपर्यंत आईने भाकरी थापलेली असते. तुरीचे वरण, शेंगाची चटणी आणि दोन भाकरी डब्यात घेऊन तो बस पकडतो. बसमध्ये बसायला जागा मिळाली तर वाचन होते, नाही मिळाली तर काल वाचलेले मनात घोळवायचे.

दहापासून वर्ग. आमच्याकडे 75 टक्के हजेरीचा नियम आहे आणि तो खेळाडूलाही आहे. शिवाय एक अडचण आहे, जी हजेरीपटावर दिसत नाही. हा मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकला. आता पुस्तके इंग्रजीत आणि प्राध्यापकांचे समजावणे बरेचसे कन्नडमध्ये. त्याच्या वहीच्या समासात बारीक अक्षरात मराठी शब्द लिहिलेले असतात. इतरांना जो धडा एकदा वाचून कळतो, तो याला दोनदा वाचावा लागतो. तो दुसरा वेळ दिवसात कुठून काढायचा, हा त्याचा खरा सामना. नव्वद मिनिटांचा सामना त्यामानाने सोपा.

चार वाजता सराव सुरू होतो आणि साडेसहाला गावाकडची शेवटची बस सुटते. हे गणित कधीच नीट सुटत नाही. सरावाची रीत अशी, की आधी धावणे, मग पास आणि किक, आणि शेवटी दोन गट पाडून सामना. फुटबॉलची समज येते ती या शेवटच्या भागात, आणि बसवाल्या मुलांचा नेमका तोच चुकायचा. एके दिवशी फिजिकल डायरेक्टर सरांनी क्रमच फिरवला. अंग मोकळे झाले की आधी सामना, बाकीचे नंतर. शहरात राहणारी मुले उशिरापर्यंत थांबून किकचा सराव करू लागली आणि खेड्यातली पोरे सामना खेळून बस गाठू लागली. खर्च एका रुपयाचाही नाही. अशा साध्या गोष्टींनीच कितीतरी मुले मैदानावर टिकतात.

परतीच्या बसमध्ये मात्र वाचन होत नाही. अंधार असतो आणि डोळे मिटत असतात. घरी जेवण झाल्यावर तासभर अभ्यास. अंग मोडून आलेल्या मुलाला तो तास किती जड जातो, हे त्याच्या आईलाच माहीत.

गुलबर्गा विद्यापीठ 1980 साली स्थापन झाले, तेव्हापासून चार दशके बिदरच्या महाविद्यालयांना आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा म्हटली की गुलबर्ग्याची वारी ठरलेली. 2014 साली शहराचे नाव कलबुरगी झाले, 2023 साली बिदर विद्यापीठ सुरू झाले, तरी मैत्रीच्या सामन्यांसाठी ही वाट काही सुटलेली नाही. पूर्वी हुमनाबादवरून बसने हाडे खिळखिळी व्हायची. ऑक्टोबर 2017 मध्ये बिदर-कलबुरगी हा सुमारे 110 किलोमीटरचा रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि प्रवास सुखाचा झाला. जाताना वाटेत कमलापूर लागते. तिथली तांबडी केळी प्रसिद्धच आहेत, आणि खेळाडूसाठी सामन्याआधी त्याहून चांगला खाऊ नाही.

पठार उतरले की माती बदलते. तांबडी संपून काळी सुरू होते, तुरीच्या शेतांची, शहाबादी फरशीच्या मुलखाची. उन्हाचा कडाकाही वेगळा. बहमनी सुलतानांनी पंधराव्या शतकात गुलबर्ग्याहून राजधानी बिदरला नेली, त्यामागे इथल्या हवेचाही मोह होता असे म्हणतात. बिदरच्या पोरांना दुपारच्या सामन्यात ते चांगलेच पटते! काळ्या मातीच्या मैदानावर पाऊस पडून गेला असेल तर चेंडू थबकतो, बुटाला ढेकळे चिकटतात. अशा चिखलातून खेळून आलेल्या संघाला आमचे एक ज्येष्ठ सहकारी हसून म्हणत, “कै केसरादरे, बायि मोसरु.” हात चिखलात गेले तरच तोंडी दही लागते. परतीच्या गाडीत निम्मी मुले झोपलेली असतात आणि दोघे-तिघे उद्याच्या चाचणी परीक्षेचे पुस्तक उघडून बसलेले असतात.

इथे आपल्या सीमाभागाची एक गंमत सांगायला हवी. आमच्या या मुलाचा मावसभाऊ उदगीरला शिकतो आणि तोही फुटबॉल खेळतो. भालकीहून रेल्वेने थोड्याच अंतरावर उदगीर. पण कर्नाटकातली विद्यापीठे दक्षिण विभागात खेळतात आणि महाराष्ट्रातली पश्चिम विभागात. एकाला केरळ-तामिळनाडूशी झुंजायचे, दुसऱ्याला गोवा-गुजरातशी. दिवाळीत गावच्या माळावर एका संघात खेळणारे हे दोघे विद्यापीठाच्या स्पर्धेत समोरासमोर यायचे तर अखिल भारतीय फेरीपर्यंत पोचायला हवेत. 1956 पूर्वी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते, हे आजच्या मुलांना सांगितले तर नवल वाटते.

त्याच जुन्या हैदराबाद राज्यात भारतीय फुटबॉलचा एक मोठा गुरू घडला. सय्यद अब्दुल रहीम हे उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, आणि पेशाने शाळामास्तर. शाळेत शिकवत त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविकाही घेतली. हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला, तो त्यांच्या मार्गदर्शनाखाली. 1951 आणि 1962 च्या आशियाई स्पर्धांत भारताला सुवर्णपदक मिळाले तेव्हाही संघाचे प्रशिक्षक रहीमच होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बिदर आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले, आणि बरोबर एक महिन्याने त्यांच्या संघाने मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाला 4-2 असे हरवून उपांत्य फेरी गाठली. खडूने हात पांढरे करणारा माणूस हे करू शकला.

दुसरे उदाहरण नागालँडचे तालिमेरेन आओ यांचे. कलकत्त्याला वैद्यकीय शिक्षण घेत ते मोहन बागानकडून खेळले, 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारताचे कर्णधार झाले, आणि 1950 साली एम.बी.बी.एस. झाले. पुढचे आयुष्य त्यांनी रुग्णसेवेत घालवले.

अर्थात, वाचकहो, प्रत्येक मुलगा आओ होणार नाही, हे आम्हालाही कळते. आमच्याकडे खेळणाऱ्या शंभरांतला एखादाही व्यावसायिक खेळाडू होईल की नाही, शंका आहे. पोलीस, रेल्वे, सैन्यदल यांत खेळाडूंच्या जागा असतात, पण त्या मोजक्या. म्हणूनच शेवटच्या वर्षाला घरोघरी तोच प्रसंग येतो. वडील म्हणतात, “पुरे झाला चेंडू, आता अभ्यासाचं बघ.” त्यांचे चुकते असेही नाही. दोन एकर तुरीवर घर चालवणाऱ्याला मुलाच्या पदवीची काळजी असणारच. मुलींच्या बाबतीत तर शेवटच्या वर्षाचीही वाट पाहत नाहीत. सराव संपायला अंधार पडतो, एवढे एक कारण पुरते.

पण इतक्या वर्षांच्या अध्यापनात मी जे पाहिले, ते सांगतो. खेळ सोडल्याने मोकळा झालेला वेळ अभ्यासाला मिळतोच असे नाही. तो बहुतेक वेळा मोबाईलला जातो. ज्याला साडेसहाची बस गाठायची असते, तो दुपारच्या मोकळ्या तासात ग्रंथालयात दिसतो. बस सुटेल या धाकाने वेळ वापरायला शिकलेला मुलगा परीक्षेच्या तीन तासांतही गडबडत नाही. गुण कमी पडतात तेव्हा कारण बहुधा खेळ नसतो. सामन्यांमुळे बुडालेले तास कोणी भरून दिलेले नसतात, इतकेच.

तेव्हा आई-वडिलांनी एवढे करावे. सामन्यांच्या आणि परीक्षांच्या तारखा एकाच कॅलेंडरवर लिहून भिंतीला लावाव्यात. बुडालेल्या तासांची टिपणे कोणाकडून मिळतील, हे मुलाला आधीच विचारून ठेवावे. परीक्षेच्या महिन्यात सराव निम्मा करावा, पण बंद करू नये. दुखरा गुडघा लपवू देऊ नये. आणि आम्ही प्राध्यापकांनी स्पर्धेहून परतलेल्या मुलाला “कुठे होतास?” असे दरडावण्याऐवजी, “किती गोल झाले?” असे विचारून मग राहिलेला धडा काढावा.

बिदरच्या जुन्या शहरात महमूद गावानने 1472 साली बांधलेला मदरसा अजून उभा आहे. तिथे विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या खोल्या आणि ग्रंथालय एकाच इमारतीत होते. शिकायला येणारा मुलगा कुठे राहील, कसा येईल-जाईल, याचा विचार शिक्षणातच धरला होता. आज आपल्या खेळाडू मुलामुलींसाठी वसतिगृहात एक खोली किंवा सात वाजताची एक बस मिळाली, तरी आजीच्या त्या प्रश्नाला मराठी घरातूनही उत्तर देता येईल, “दोन्ही छान चाललंय, अव्वा.”