चारशे ग्रॅमचा टोमॅटो आणि वीस किलोचं कॅरेट

टोमॅटोच्या आपल्याकडे दोनच बातम्या होतात. एक, टोमॅटो कडाडला. दोन, टोमॅटो रस्त्यावर ओतला. तालुक्याच्या गावी वीस वर्षं पत्रकारिता करताना मी दोन्ही दिल्यात. २०२३ साली तर दोन्ही एकाच वर्षात आल्या. मे महिन्यात भाव नाही म्हणून नाशिक जिल्ह्यात शेतकरी माल फेकत होते, आणि जुलैत किरकोळ बाजारात टोमॅटो शंभरीच्या पार गेला होता. त्या जुलैत केंद्र सरकारने दिल्लीत गाड्या लावून टोमॅटो आधी ९०, मग ८०, मग ७० रुपये किलोने विकला. मे महिन्यात मात्र शेतकऱ्यासाठी अशी गाडी कुठे दिसली नव्हती.

आज लिहितोय ते तिसऱ्या टोमॅटोबद्दल. जो बाजारात येतच नाही.

एका मित्राने मला 'ब्रँडीवाइन' जातीचं बी दिलं. अमेरिकेतली जुनी जात. फळ मोठं, चपटं, गुलाबीसर. पानं बटाट्याच्या पानासारखी. असल्या गरदार टोमॅटोंना तिकडे 'बीफस्टेक' म्हणतात. हे नाव घरात घ्यायचं नाही असं आईने बजावलं आणि स्वतःच बारसं केलं, 'भोपळी टोमॅटो'. आता आमच्या आळीत तेच नाव चालतं.

गणपती गेल्यावर बी टाकलं, दसऱ्यानंतर चार रोपं परसातल्या वाफ्यात लावली. ही वेळ मुद्दाम धरली. दिवसा पारा पस्तिशीकडे गेला आणि रात्रीही उकाडा राहिला, की टोमॅटोची फुलं गळतात. मोठ्या फळाच्या जाती तर जास्तच नखरेल. आपल्याकडे हिचा हंगाम थंडीचाच. दोन रोपांत अडीच फूट अंतर, प्रत्येकाला माणसाहून उंच बांबू. झाड वाढतच जातं, म्हणून बगलेतले फुटवे दर आठवड्याला खुडायचे. घोसात पाच फुलं आली तरी फळं दोनच ठेवायची, तेव्हा कुठे आकार येतो.

आमच्याकडे नळाला पाणी तीन दिवसांआड. त्याची नोंद पालिकेच्या वहीत नसेल एवढी नेमकी फळांवर झाली. पहिल्या काही फळांच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग आला. हा कीड-रोग नव्हे. पाणी कधी धो धो आणि कधी काहीच नाही असं झालं, की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. मग टाकीतलं पाणी रोज थोडं थोडं दिलं, बुंध्याशी उसाचं पाचट अंथरलं. पुढची फळं स्वच्छ आली.

संक्रांतीच्या आठवड्यात पहिला टोमॅटो काढला. वजन ४१० ग्रॅम. देठाजवळ खांदे अजून हिरवट होते, म्हणून आई म्हणाली, "कच्चा आहे रे." कापला तर आत सगळा गर, बी नावाला. मीठ लावून चौघांनी खाल्ला. आई म्हणाली, "लहानपणी शेतावर खायचो तशी चव आहे."

त्या हिरव्या खांद्यांना कारण आहे. सगळं फळ एकसारखं रंगावं म्हणून गेली कित्येक दशकं तशीच झाडं निवडत गेले. २०१२ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने दाखवलं, की या निवडीत फळात साखर भरायला मदत करणारं एक जनुक निकामी झालं. दिसायला देखणा टोमॅटो चवीला का पडला, त्याचं हे एक कारण.

दुसरं कारण माझ्या चुलतभावाने सांगितलं. दादाचा दोन एकर टोमॅटो. माझ्या परसातलं फळ त्याने तळहातावर घेतलं, अंगठ्याने हलकं दाबलं आणि हसला. "कॅरेटात टाकला तर वरच्या थराच्या वजनानेच बसेल हा. यार्डात पोचेस्तोवर चटणी." त्याची जात हायब्रीड. जाड सालीची, लहान, टणक. जरा रंग धरला की तोडायची, कारण पुढे शेकडो किलोमीटर जायचं असतं. "आम्ही खाणाऱ्यासाठी पिकवत नाही बाबा, गाडीसाठी पिकवतो."

मग त्याने खिशातून पट्टी काढली. ४० कॅरेट, म्हणजे ८०० किलो माल. कॅरेटला ७० रुपये भाव. झाले २,८००. त्यातून गाडीभाडं १,०००, तोडणाऱ्या पाच बायांची मजुरी १,५००, हमाली-तोलाई १६०. हातात राहिले १४० रुपये. बी, औषधं, तार-बांबू, ठिबक हे धरलेलंच नाही. त्याच दिवशी आमच्या भाजीबाजारात टोमॅटो २० रुपये किलो होता. पुढच्या आठवड्यात दादाने प्लॉटात मेंढरं सोडली.

२०१८-१९च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा आणि बटाट्यासाठी 'ऑपरेशन ग्रीन्स' आलं, ५०० कोटींची तरतूद झाली. पण या तिघांना एकाच दोरीत बांधून भागत नाही. कांदा चाळीत राहतो, बटाटा शीतगृहात महिनोन्‌महिने टिकतो. पिकलेला टोमॅटो थांबत नाही. त्याला एक तर कारखाना जवळ हवा, नाही तर खाणारा जवळ हवा. कारखाना तुमच्या-माझ्या हातात नाही. खाणारे आपणच आहोत.

गावापासून दहा किलोमीटरवर दादाचं शेत आहे. खाणारा दहा किलोमीटरवर असेल तर साल जाड लागत नाही, हिरवा तोडावा लागत नाही, आणि ७० रुपयांच्या कॅरेटचा किलोला साडेतीन रुपये हा हिशोबही करावा लागत नाही. गिऱ्हाइकाने बारा रुपये दिले तरी दोघांचा फायदा. कायद्याचीही आडकाठी नाही. २०१६ पासून राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायची मुभा आहे. हवी ती एक जागा, थोडी सावली आणि रविवार सकाळचे दोन तास. जागा पालिकेने द्यावी, असा अर्ज मी देतोय. सह्या करायला या. आणि हेही कबूल, की दादाचा सगळा दोन एकरांचा माल आपल्या गावात खपणार नाही. पण दहा गुंठ्यांचा खपला तरी तेवढ्यापुरता त्याला मेंढरांचा विचार करावा लागणार नाही.

आता बियाबद्दल. हायब्रीडचं बी धरून ठेवलं तर पुढच्या पिढीत तेच फळ येत नाही, दर वर्षी पाकीट विकतच घ्यावं लागतं. या जातीचं तसं नाही. चांगल्या झाडावरचं पूर्ण पिकलेलं फळ घ्या, बी रसासकट वाटीत दोन-तीन दिवस आंबू द्या, धुवा, सावलीत वाळवा, कागदाच्या पुडीत ठेवा. घरचं बी राखायचा, वाटायचा, विकायचाही हक्क शेतकऱ्याला २००१च्या कायद्याने दिलाय. फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना ज्या कामासाठी पद्मश्री मिळाली, ते काम हेच, घरातलं बी जपण्याचं.

माझ्याकडे साठेक पुड्या होतील एवढं बी आहे. पैसे नाहीत. गणपतीच्या आधी घेऊन जा, कुंडी मोठी असेल तर गच्चीतही येतं.

पहिली पुडी दादानेच मागितली. म्हणाला, "पन्नास झाडं लावून बघतो. पण घेणार कोण, ते आधी सांग." म्हणून हंगामात आठवड्याला दोन किलो घेतील अशा तीस घरांची यादी करतोय. अकरा नावं झालीत. बाकीची खाली कळवा.