भट्टी कोणत्या रकान्यात?

घरात चाक फिरवायला बऱ्हाणपुरात कोणाची परवानगी लागत नाही. माती मळा, भांडी घडवा, सावलीत वाळवा. भिंतीपलीकडे पत्ताही लागत नाही. प्रश्न उभा राहतो तो भाजायच्या वेळी. माझी भट्टी विजेवरची, साडेसात किलोवॉटची. तिच्यासाठी थ्री फेज जोडणी हवी आणि जोडणीच्या अर्जात वापर लिहायचा तो घरेलू, गैर-घरेलू किंवा औद्योगिक यांपैकी एक. खिडकीवरच्या माणसाने तिन्ही रकान्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि सांगितले, ‘‘मॅडम, पहले तय कर लो.’’ हे ठरवणे माझ्या हातात नाही, म्हणून हा लेख.

घरेलू लिहावे तर भांडी विकली जातात. वीज कायदा २००३च्या कलम १२६नुसार मंजूर कारणाखेरीज दुसऱ्या कारणासाठी वीज वापरली, तर लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. औद्योगिक लिहावे तर कारखान्याचे कागद मागतात: जागेचा वापर, अग्निसुरक्षा, प्रदूषण मंडळ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१६च्या वर्गवारीत विजेवरची मातीकामाची भट्टी हिरव्या गटात आहे. तेला-वायूवरची त्याहून कडक अशा नारिंगी गटात. म्हणजे कमी त्रासाची भट्टी कोणती, हे सरकारला ठाऊक आहे. पण ‘भट्टी’ म्हटले की टेबलामागच्या माणसाच्या डोळ्यांपुढे वीटभट्टीचा धूर येतो आणि कागद पुढच्या टेबलावर जातो.

या गावात हे घडावे याचे मला फार वाईट वाटते. घर आणि कारखाना एकाच छपराखाली कसे नांदतात, हे बऱ्हाणपूरला कोणी शिकवायला नको. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए इथून गेला तेव्हा इथले तलम, जरीकाठी कापड इराण-तुर्कस्तानपर्यंत जात होते. आज हातमागाच्या जागी यंत्रमाग आले, पण रचना तीच: पुढच्या खोलीत माग, मागे चूल, माडीवर मुलांचा अभ्यास. आमच्या गल्लीत खटखट थांबली तर लोक दारात येऊन विचारतात, काय झाले. लाइनमनला मागांची संख्या सांगा, भार किती तो तोंडी सांगेल. शेजारच्या महाराष्ट्रात तर यंत्रमागाला वीजदराचा स्वतंत्र गट आहे. माग सर्वांच्या ओळखीचा, म्हणून त्याला जागा आहे. भट्टीला ती ओळख नाही.

अर्थात माग आणि भट्टी यांच्या भुकेत फरक आहे. माग रोज, तासन्‌तास, थोडी थोडी वीज खातो. भट्टी महिन्यातून दोन-तीनदा एका रात्रीत भरपूर खाते आणि मग गार पडून राहते. स्थिर आकार मात्र मंजूर भारावर लागतो, म्हणजे गार भट्टीचेही भाडे भरायचे. महिन्याला शंभर कप करणाऱ्या बाईने ते कुठून काढायचे? कार्यालयाची बाजूही खोटी नाही. गल्लीतला ट्रान्सफॉर्मर आधीच मागांनी भरलेला. त्यावर आणखी साडेसात किलोवॉट टाकण्याआधी पाहणी हवीच. ती आधी करा, आकडा सांगा, मग कागद मागा, एवढेच माझे म्हणणे. ग्राहक हक्क नियमांत २०२४च्या दुरुस्तीनंतर शहरी हद्दीत नवी जोडणी सात दिवसांत द्यायची आहे. पण अर्ज पूर्ण धरला तरच ते दिवस मोजले जातात आणि रकाना ठरेपर्यंत अर्ज पूर्ण होत नाही.

रावेर-जळगावकडून काही जणींनी भट्टीबद्दल विचारले आहे, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर. आधी भार काढा, भट्टी नंतर घ्या. साडेसात किलोवॉट सिंगल फेजवर सुमारे ३३ अँपिअर ओढते, थ्री फेजवर दर फेजला साडेदहाच्या आसपास. म्हणून थ्री फेजचा आग्रह. पहिल्यांदाच करत असाल तर तीन किलोवॉटची छोटी भट्टी १३ अँपिअरवर चालते. पण तिलाही स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी आणि चांगले अर्थिंग हवे. घरातल्या प्लगवर ती लावू नका. व्होल्टेज आठवडाभर, वेगवेगळ्या वेळी लिहून ठेवा. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते: २३०चे २०७ झाले तर व्होल्टेज दहा टक्के उतरते, उष्णता मात्र एकोणीस टक्के. बिस्क, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी, हजार अंशांच्या आसपास निभावते. स्टोनवेअरच्या ग्लेझला १,२००च्या वर जावे लागते आणि उतरलेल्या व्होल्टेजवर शेवटचे शंभर अंश चढता चढत नाहीत. गार होताना ५७३ अंशांपाशी मातीतल्या गारेचे आकारमान झटक्यात बदलते, तेव्हा दार उघडायचा मोह आवरा. हा व्होल्टेजचा तक्ता अर्जाला जोडा. माझ्या अर्जाकडे अभियंत्याने पहिल्यांदा नीट पाहिले ते त्या तक्त्यामुळे.

माझे कसेबसे निभेल. खरी काळजी इथल्या कुंभारांची आहे. खादी ग्रामोद्योग आयोग त्यांना विजेवरचे चाक देतो. २०२३च्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत कुंभार आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात. चाकाची मोटर घरच्या जोडणीवर आरामात चालते. पण माल अजून गोवऱ्या-लाकडाच्या आव्यातच भाजावा लागतो. पाऊस आला की आवा बंद, आणि धुराची तक्रार शेजारी करतात ती वेगळीच. अशा कुंभाराने उद्या विजेच्या भट्टीचा अर्ज केला, तर तोही याच तीन रकान्यांपुढे उभा राहील. फरक इतकाच की खेटे घालायला त्याच्याकडे रिकामे दिवस नाहीत. दहा किलोवॉटपर्यंतच्या घरगुती भट्टीला वेगळा दरगट द्यावा, रात्री भाजायची अट घालावी, स्थिर आकार प्रत्यक्ष वापरावर घ्यावा. वीजदर ठरवण्याआधी नियामक आयोग दरवर्षी हरकती-सूचना मागवतो. यंदा मी हे लिहून पाठवणार आहे आणि त्यावर गल्लीतल्या मागवाल्यांच्याही सह्या घेणार आहे.