घुमटासाठी एक मायक्रोफॅरड

हैदराबादला आबिड्समध्ये जाणारा वाचणारा माणूस बहुधा रविवार गाठतो. फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग पडलेले असतात. सहाव्या निजामाच्या पदरी असलेल्या अल्बर्ट आबिड यांच्या दुकानावरून या भागाला नाव पडले, आणि दुकानदारी तिथे आजवर टिकली. बहिणीकडे गेलो की मीही आबिड्सला उतरतो, पण तिथून पायी कोठीची गुजराती गल्ली गाठतो. रेडिओ-अँप्लिफायरचे सुटे भाग तिथे मिळतात.

"कौन्सा होना साब?" दुकानदार विचारतो. सोनेरी अक्षरांचा महागडा 'ऑडिओ' कपॅसिटर पुढे करतो. मी म्हणतो, "नक्को." दखनीतला हा नक्को आपल्याच 'नको'चा भाऊ, त्यामुळे घासाघीस करताना परके वाटत नाही.

मला अँप्लिफायर हवा होता तो एका कॅसेटसाठी. आमच्या वाड्यावरची चवथीची आरती, घुमट वाजवणारा माझा काका. काका आता नाही. बाजारातल्या छोट्या प्लेअरवर कासाळे तेवढे खणखणतात, शामेळही बरे ऐकू येते, घुमटाचा घुमार मात्र कुठच्या कुठे जातो. मग म्हटले, आपणच जोडू.

घुमाराची वाट अडवतो तो आत येणाऱ्या आवाजाच्या मार्गावरचा कपॅसिटर. पुढचा रेझिस्टर 22 किलोओहमचा असेल आणि कपॅसिटर 0.1 मायक्रोफॅरडचा, तर 72 हर्ट्झला आवाजाची शक्ती निम्मी होते, त्याखाली आणखी घसरते. एक मायक्रोफॅरड घातला की हीच सीमा 7 हर्ट्झवर जाते. घुमट सुखरूप! इथे साधा पॉलिएस्टरचा चालतो. सिरॅमिकचा स्वस्त असतो, पण त्याच्या बऱ्याच जातींत व्होल्टेज बदलले की क्षमताही बदलते, म्हणून आवाजाच्या वाटेवर तो नको.

दुसरा कपॅसिटर वीजपुरवठ्याचा, मोठा डबा. तो लहान पडला तर 100 हर्ट्झची गुणगुण येते. पेटीची पांढरी एक धरली तर मंद्र पंचम 98 हर्ट्झचा. म्हणजे आरतीमागे कोणी बेसूर तंबोरा धरून बसल्यासारखे वाटते! मी दोन्ही बाजूंना 4700 मायक्रोफॅरडचे घेतले. 24-0-24 च्या ट्रान्सफॉर्मरमधून सुमारे 34 व्होल्ट मिळतात. दुकानदार 35 व्होल्टचा देत होता. पण रात्री गावातली वीज चढली की तो 35 पुरत नाही. मी 63 व्होल्टचा, 105 अंशांचा मागितला. उष्णता दहा अंशांनी कमी राहिली की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि आपल्याकडचा उन्हाळा काय ते मी सांगायला नको.

एवढी खटपट कशाला, असे कोणी विचारील. काकाचा घुमट घोरपडीच्या कातड्याचा होता. 1972 च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले, आणि ते योग्यच झाले. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हटले, आज बकऱ्याच्या कातड्याचे घुमट जोरात वाजतात. पण तो जुना आवाज आता नव्याने कोणी काढणार नाही. तो आहे तेवढा कॅसेटवर, आणि त्यातला खालचा घुमार ऐकू येणे-न येणे एका छोट्या कपॅसिटरवर अवलंबून. तुमच्याकडेही अशी एखादी कॅसेट पडली असेल, तर बुरशी चढण्याआधी काढून ठेवा.